‘म्हणे’ गेलं कुठं?

या महिन्याच्या पत्रांतली तीन घेतली आहेत. पहिलं फार लांब होतं, थोडं कापलं. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

पत्र पहिलं (मनमाडहून)

*माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. वय ७३. गेल्या महिन्यात त्यांनी घरच्या, गल्लीच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, बायकांच्या वेशात फिरते, जास्तीत जास्त लोकांना कळवा. चौथ्या दिवशी आमच्याकडे नेहमीची बोहारीण आली. या वेळी बरोबर तिची भाची होती, तोंडाला स्कार्फ बांधलेला. गल्लीतल्या बायकांनी दोघींना घेरलं, टोपलीतली भांडी रस्त्यावर उपडी केली, आधार कार्ड मागितलं. मी मध्ये पडले म्हणून थोडक्यात निभावलं. रात्री मी अण्णांना इंटरनेटवर दाखवलं, की हा मेसेज जुना आणि खोटा आहे. ते म्हणाले, “हे खरं-खोटं सांगणारे सगळे विकलेले असतात. मी पोरांच्या काळजीनं टाकलं.” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना पटवू कसं? की मोबाइलच काढून घ्यावा?*

ताई, मोबाइल काढून घेऊ नका. तो तुम्ही काढलात तर उद्या ते शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून त्याच्या मोबाइलवर तेच वाचतील, वर ‘सुनेनं मोबाइल काढून घेतला’ ही एक नवी बातमी मनमाडभर होईल. आणि ती खरी असेल.

आधी एक गोष्ट मनातून काढा. अण्णा भोळे आहेत म्हणून फसले, असं तुम्हाला वाटतंय. ते पत्रभर जाणवतं, त्यांनाही जाणवलं असणार. पण ज्या माणसानं आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली तो भोळा कसा असेल? फाटलेली नोट घडीत लपवून देणारे, मुदत संपलेला पास लांबून दाखवणारे, ‘अजून पाच पूर्ण नाही हो’ म्हणत आठ वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन बसणारे, सगळे त्यांनी पाहिलेत. गर्दीत उभं राहून कोण कुठून बसलाय हे त्यांना न विचारता कळत असेल. मग हा एक मेसेज विनातिकीट कसा सुटला?

सुटला, कारण तो परक्याकडून आला नाही. भजनी मंडळातल्या कुणा सोबत्यानं पाठवला. एसटीत घरचा माणूस चढला तर त्याचं तिकीट आपण खिशातून काढतो, त्याला ‘कुठून बसलात’ म्हणून विचारत नाही. मेसेज जिथून आला ते दिसत नाही, ज्यानं दिला तो दिसतो, आणि तो तर आपला.

आपल्या मराठीत एक फार शहाणा शब्द आहे: म्हणे. ‘सुमनचं लग्न मोडलं’ हे एक आणि ‘सुमनचं लग्न मोडलं म्हणे’ हे दुसरं. त्या एका शब्दात किती गोष्टी आल्या पाहा. मी तिथं नव्हते, मी ऐकलं, खरं असेल-नसेल, माझ्यावर येऊ नका. आपल्या आज्या ओट्यावर बसून गावभरच्या उचापती करायच्या, पण प्रत्येक वाक्याच्या शेपटाला हा शब्द बांधून. ऐकणारीही त्या शब्दावरून वजन ठरवायची.

मोबाइलवर हा शब्द गळाला. अण्णांना जे आलं ते कुणीतरी ‘टोळी उतरली आहे’ असं टाइप केलेलं होतं. त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं असतं तर आपोआप ‘उतरली आहे म्हणे’ असं आलं असतं. पण त्यांनी सांगितलं नाही, बोट दाबलं. बोटाला ‘म्हणे’ म्हणता येत नाही.

हे मी तुम्हाला शहाणपणानं सांगत नाही. माझी स्वतःची चूक आहे, ३० वर्षांची, आणि ती अजून जिवंत आहे.

मी नाशिकमध्ये एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. आमच्या डेस्कवर ‘म्हणे’चे सगळे चुलतभाऊ राबायचे: ‘समजते’, ‘कळते’, ‘असा दावा त्यांनी केला’, ‘असे सूत्रांनी सांगितले’. मथळ्यात तेवढी जागा नसायची म्हणून एकेरी अवतरणचिन्ह वापरायचं. ‘लाचखोर’ला अवतरण घातलं की त्याचा अर्थ, हे आम्ही म्हणत नाही. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट ती हीच.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता, म्हणजे देवळात एरवी शुकशुकाट असायचा. सकाळी दिल्लीहून फोन सुरू झाले, की गणपती दूध पितोय. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. होते ते एसटीडीचे पिवळे बूथ आणि घरातले काळे फोन. तेवढ्यावर ती बातमी दुपारपर्यंत देशभर गेली, परदेशात लंडनच्या साउथॉलमधल्या मंदिरापर्यंत पोहोचली. आमच्या गल्लीतल्या डेअरीचं दूध अकराला संपलं. हे सांगतो अशासाठी, की ‘हे सगळं या मोबाइलनं आणलं’ असं तुम्ही पत्राच्या शेवटी म्हटलंय. (तो भाग मी कापला.) अफवेला धावायला साधी तारही पुरते.

त्या रात्री तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती माझ्या हातात होती. गाडी साडेदहाला सुटायची. मी चार कॉलम मथळा दिला: गणपती दूध प्याला! शेवटी उद्गारचिन्ह. अवतरण नाही, ‘म्हणे’ नाही, काही नाही. खरं सांगायचं तर दुपारी मीही रांगेत उभा राहून चमचा लावून आलो होतो, आणि माझाही चमचा रिकामा झाला होता.

अकराला आमचे मुख्य उपसंपादक आले. ताज्या छापलेल्या अंकावर नजर टाकली, काही बोलले नाहीत. टेबलावरचा चहाचा कप उचलला, चमचा काठोकाठ भरला आणि माझ्या काचेच्या पेपरवेटला अलगद टेकवला. चहा पेपरवेटवर चढल्यासारखा झाला, चमचा खाली बसत गेला, आणि पातळ ओघळ खालच्या कागदावर उतरला. “पेपरवेट चहा प्यायला,” म्हणाले. “लाव मथळा.”

पृष्ठताणाचा खेळ होता तो सगळा. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या मूर्तीला टेकला की दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि अंगावरून इतक्या पातळ थरानं उतरतं की दिसत नाही. केंद्राच्या विज्ञान खात्याच्या लोकांनी दुधात रंग घालून हे दाखवलं. रंग मूर्तीच्या पोटावरून ओघळताना सगळ्यांना दिसला.

शहर आवृत्तीचा मथळा बदलला: ‘गणपती दूध पितो’च्या चर्चेने मंदिरांत रांगा. शास्त्रज्ञांचं म्हणणं त्यानंतरच्या अंकात पान पाचवर दोन कॉलम आलं. म्हणजे नाशिक शहराला बरा पेपर मिळाला, आणि येवला, सिन्नर, निफाडला माझा पेपर गेला. गाडी निघून गेली होती. तिला परत कोण बोलावणार?

येवल्याला माझी मावशी होती. तिनं तो मथळा कात्रीनं कापून पोथीत ठेवला. पुढं २० वर्षं, विषय निघाला की ती मला म्हणायची, “अरे, तुझ्याच पेपरात आलं होतं.” पान पाचवरचं कात्रण मी तिला स्वतः नेऊन दिलं होतं. तिनं ते वाचलं, “बरं बाई” म्हणाली, आणि त्यावर सुपारी कातरली. ती गेल्यावर पोथी माझ्याकडं आली. मथळा आतच आहे, पिवळा पडलाय, उद्गारचिन्ह मात्र ठळक आहे.

तर ताई, अण्णांना तुम्ही इंटरनेटवरचं पान दाखवलंत ते माझं पान पाचवरचं कात्रण होतं.

आता दुसरं. अण्णांचा मेसेज तीन ग्रुपवर गेला. गल्लीतल्या एखादीला तो तिन्ही ठिकाणांहून आला असेल, माहेरच्या ग्रुपवरून चौथ्यांदा. तिला वाटणार, चौघं सांगतायत. आपल्याकडं म्हणच आहे, पाचामुखी परमेश्वर. जुन्या काळी पाच मुखं म्हणजे पाच वेगळी माणसं असायची, प्रत्येकाची अक्कल वेगळी. इथं एकच मुख पाचदा ऐकू येतं. १९७७ मध्ये अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या तिघा मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. कॉलेजच्या मुलांना पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीनदा बोलावून विधानांची यादी वाचून दाखवली, काही खरी, काही खोटी, आणि किती खरी वाटतात ते विचारलं. काही विधानं मुद्दाम तिन्ही वेळा घातली होती. खरी असोत की खोटी, जी पुन्हा पुन्हा कानावर पडली ती मुलांना दरवेळी जास्त खरी वाटत गेली. प्रचार करणाऱ्यांना हे कुणी १९७७ मध्ये सांगायची गरज नव्हती, त्यांना ते आधीपासून ठाऊक आहे. निवडणुकीत भोंग्याची रिक्षा एकाच गल्लीत चार फेऱ्या का मारते?

बोहारणीचं वाचून मला राईनपाडा आठवलं. तुम्हालाही आठवलं असेल, तुम्ही लिहिलं नाहीत. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा त्या भागात मोबाइलवर आधीच फिरत होत्या. बाजारात कुणाला तरी संशय आला. जमावानं मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं पाचही जणांना ठार केलं. कुणाचंही मूल कुणी पळवलेलं नव्हतं.

माझ्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने होते. ती बातमी मी लावली: मुले पळविणाऱ्या टोळीच्या संशयावरून पाच जणांची हत्या. ‘संशयावरून’ हा शब्द डेस्कच्या सवयीनं आला. घरी आल्यावर तो मला टोचायला लागला. संशय असता तर कुणीतरी थांबलं असतं, पोलिसांना बोलावलं असतं, निदान विचारलं असतं. त्या खोलीतल्या लोकांना संशय नव्हता, खात्री होती.

त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता. मूळ व्हिडिओत दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. खोटं काही घातलं नाही, फक्त शेवटचे काही सेकंद काढले. डेस्कवर आम्ही याला ‘कॉपी कापणं’ म्हणायचो, आणि कुठं कापलं यावर बातमीचा अर्थ उलटा होतो, हे मला कुणी शिकवायला नको.

अफवेला धनी नसतो, प्रचाराला असतो, हा फरक दोन वर्षांनी दिसला. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदी, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. सुरतला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक. तिथंही चोर आणि मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा आधीच पसरलेल्या. जमावानं तिघांना मारलं. इथवर ती राईनपाड्याचीच बहीण. पण पुढं त्या हत्येला धर्माचा रंग देणारे मेसेज सुटले, आणि ते चुकून सुटलेले नव्हते. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटकेतल्या १०१ जणांची नावंच जाहीर करून सांगावं लागलं, की यात एकही मुस्लिम नाही. यादी किती जणांनी वाचली असेल? पान पाच.

तंत्रज्ञानाचा दोष नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. राईनपाड्यानंतर दहाव्या दिवसाच्या आत, १० जुलैला, व्हॉट्सअ‍ॅपनं देशातल्या पेपरांत पानभर जाहिराती दिल्या: खोटी माहिती ओळखा. आमच्या डेस्कवर त्या दिवशी जरा हशा झाला, की यांना खरं सांगायला शेवटी कागदच लागला. (जाहिरात विभागात मात्र कुणी हसलं नाही, तिथं पेढे होते.) त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढं २०१९ च्या जानेवारीत जगभर. २०२० च्या एप्रिलमध्ये आणखी आवळलं: जो मेसेज फार हातांतून आलाय तो एका वेळी एकाच ठिकाणी. कंपनीनंच सांगितलं, की त्यानंतर असे मेसेज पाठवण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं. माणसं तीच, त्यांची अक्कल तीच. एक जास्तीचं बोट लागलं, तेवढ्यानं एवढा फरक. मग आधी ते सोपं कुणी ठेवलं होतं, आणि का?

आता अण्णांशी बोलायचं कसं ते. ‘तुमचा मेसेज खोटा होता’ यानं सुरुवात करू नका. ७३ वर्षांच्या सासऱ्याला सून असं म्हणते तेव्हा त्यांना मेसेज ऐकू येत नाही, सून ऐकू येते. चहा ठेवा, आणि त्यांना त्यांचंच काम विचारा. ‘अण्णा, हा बसला कुठून?’ एवढंच. कुठल्या गावची टोळी, कुठलं पोलीस ठाणं, कुठली तारीख? तारखेशिवाय, गावाशिवाय मेसेज म्हणजे काय ते त्यांना तुम्ही सांगायला नको, त्याला ते एक शब्द वापरतील.

मग त्या मेसेजच्या डोक्यावरचे दोन बाण दाखवा. एक बाण म्हणजे कुणीतरी पुढं पाठवलेला, दोन बाण म्हणजे फार हातांतून आलेला. यंत्रात ‘म्हणे’ एवढंच उरलंय, तेही करड्या रंगात आणि चष्म्याशिवाय न दिसणारं. टोळी दिसलीच तर ग्रुपवर न टाकता ११२ ला फोन करायचा, हेही सांगा. अफवा पसरवणं गुन्हा आहे, न्याय संहितेत त्याला कलमही आहे. पण सासऱ्यांना कलम दाखवू नका.

आणि एक काम त्यांच्याकडूनच करून घ्या. ‘विकलेल्या’ कुणी सांगितलेलं त्यांच्या ग्रुपला पटणार नाही, पण अण्णांनी सांगितलेलं पटेल. ज्या तीन ग्रुपवर मेसेज गेला त्याच तिन्हींवर त्यांनी स्वतःच्या आवाजात बोलावं: ती बोहारीण आपली नेहमीची आहे, बरोबरची तिची भाची आहे, मी ओळखतो. लिहून नको, बोलूनच. त्यांनी ऐकलं तर मला कळवा. नाही ऐकलं तरी कळवा. बोहारीण परत आली का, हेही लिहा.

पत्र दुसरं (साताऱ्याहून, एक निवृत्त बँक अधिकारी)

*तुम्ही पेपरवाले मोबाइलला नावं ठेवता. निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापणारे कोण होते? त्यापेक्षा सरकारनं एक यंत्रणा नेमून खरं काय, खोटं काय हे अधिकृतपणे ठरवावं आणि खोटं असेल ते काढून टाकावं. एवढी साधी गोष्ट का होत नाही?*

पहिला अर्धा भाग मान्य, खाली मान घालून. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात एकाच नेत्याची स्तुती, शब्दाला शब्द तीच, वेगवेगळ्या मराठी पेपरांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावानं छापून आली होती. तेव्हा डेस्कवर ‘पॅकेज’ हा शब्द आला. मजकूर वरून यायचा, आम्ही शुद्धलेखन तपासायचो. मी तपासलंय. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये पेपरांची नावं घेऊन अहवाल लिहिला, तर कौन्सिलनं तो पूर्ण जाहीरच केला नाही. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानं तो बाहेर आला. त्यामुळं मनमाडचे अण्णा ‘सगळे विकलेले’ म्हणतात तेव्हा मला उलट बोलता येत नाही. तो अविश्वास मोबाइलनं पिकवलेला नाही. पेरणी आमची, कापणी दुसऱ्यांची.

तरी पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात एक ओळ असते, ती वाचा कधी. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, छापले कुठे, कायद्यानुसार जबाबदार संपादक कोण. १८६७ च्या कायद्यापासून ती चालत आलीय. इंग्रजांनी ती आपल्या भल्यासाठी आणली नव्हती, कुणाला पकडायचं ते कळावं म्हणून आणली. पण त्यामुळं झालं असं, की वाचकालाही कुणाच्या दारात जायचं ते कळलं. माझ्या रात्रपाळीत सकाळी सातला येऊन मथळ्याबद्दल भांडणारे लोक यायचे. फॉरवर्डच्या दारात कोण जाणार? दारच नाही.

दुसऱ्या भागाशी मात्र माझं भांडण आहे. तुम्ही म्हणता ती साधी गोष्ट केंद्र सरकारनं करून पाहिली. २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे नियम बदलून, सरकारी कारभाराबद्दलची माहिती खरी की खोटी हे सरकारनंच नेमलेलं पथक ठरवील, अशी तरतूद केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी मत दिलं आणि ती तरतूद घटनाबाह्य म्हणून रद्द झाली. तुम्ही बँकेत होतात. ज्या शाखेची तपासणी करायची तिच्याच मॅनेजरला तपासनीस नेमतात का?

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात ते चालत नाही. १८९६ च्या मुंबईत प्लेग आला. लोकांत अफवा, की दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, तिथं मुद्दाम मारतात. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं म्हणून राणीला माणसांची काळजं हवीत, असंही बोलत. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. सरकार तेव्हा रोज खरं सांगत होतं, पत्रकं काढत होतं. पण तेच सरकार घरात घुसून माणसं उचलत होतं, तर त्याचं ऐकणार कोण? आणीबाणीत सेन्सॉर होता, आणि आमच्या वडिलांसह अख्खी आळी रात्री बीबीसीला कान लावून बसायची.

खोटं काढून टाकायला माझा विरोध नाही. ते कोण काढणार आणि त्याच्या विरुद्ध कुठं जायचं, ही मुंगीच्या अक्षरातली ओळ मला आधी दाखवा.

पत्र तिसरं (पुण्याहून, एक विद्यार्थिनी)

*एआयमुळे आता फोटो, आवाज, व्हिडिओ काहीही बनवता येतं. मग डोळ्यांनी पाहिलेल्यावरही विश्वास ठेवायचा नाही का?*

डोळ्यांनी पाहिलेल्यावर ठेवा. पडद्यावर पाहिलेल्यावर आधीही ठेवायला नको होता. दर दिवाळीला ‘नासानं अवकाशातून टिपलेला दिवाळीचा भारत’ म्हणून रंगीबेरंगी फोटो तुमच्याही ग्रुपवर येत असेल. तो फोटो बनावट नाही. वेगवेगळ्या वर्षांत भारतातले दिवे कसे वाढत गेले हे दाखवायला शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांना रंग देऊन तो नकाशा केला होता. चित्र खरं, खालची ओळ खोटी. त्याला एआय लागलं नाही.

एआयनं खोटं स्वस्त झालं, हे खरं. मला जास्त भीती उलट्या बाजूची वाटते. उद्या कुणा पुढाऱ्याचं खरंखुरं रेकॉर्डिंग बाहेर आलं तर तो शांतपणे म्हणेल, “हे एआय आहे.” पूर्वी त्याला ‘माझा आवाज नाही’ म्हणताना निदान घाम फुटायचा.

घरच्यापुरतं एक करा. तुमच्या आवाजात आजीला फोन जाऊ शकतो, की ‘आजी, अपघात झालाय, पैसे पाठव’. त्यासाठी घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, जो बाहेर कुणाला सुचणार नाही. आमच्या घरात ठरलाय. मावशीच्या पोथीतून घेतलाय, यापुढं सांगत नाही.